पहिला हप्ता

१२ डिसेंबर २०२४, फ्रीमाँट

आज शैक्षणिक कर्जाचा पहिला हप्ता गेला. ८६ डॉलर. मे महिन्यात पदवी मिळाली, नंतरची हप्ते न भरण्याची सहा महिन्यांची सवलत संपली. आता दहा वर्षं हे चालणार. आण्णा मार्चअखेरीला सोसायटीचं कर्ज भरून आले की पावती देवापुढे ठेवायचे. मी वहीत तारीख आणि आकडा लिहून ठेवला.

परवा फोनवर आई म्हणाली, "अगं, फी माफ होती ना? मग कर्ज कसलं?" फी माफ होती हे खरंच. नसती तरी कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, एका युनिटला (अभ्यास मोजायचं माप) ४६ डॉलर, म्हणजे पदवीच्या ६० युनिटांचे २,७६०. आठ हजारांचं कर्ज झालं ते घरभाड्यामुळे. दुकानातलं दुपारचं काम सोडून मी वर्गात बसायचे, त्या तासांचा पगार बुडायचा. तो खड्डा कर्जाने भरला. आईला हे लगेच पटलं. पेरणी ते काढणी घर कशावर चालतं, हे तिला कुणी शिकवायला नको.

समाजशास्त्राची ही दोन वर्षांची पदवी मुळात पुढे स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी आखलेली आहे. मी मध्येच थांबले, लेकाला एकटीने वाढवताना आणखी दोन वर्षं झेपली नसती. इथे थांबणाऱ्याला या कागदावर काय पगार मिळतो, हे मला पहिल्याच दिवशी कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं.

मी शाळेत विशेष मुलांच्या वर्गात मदतनीस आहे. तासाला २१ डॉलर, दिवसाचे सहा तास, वर्षाला १८० दिवस: २२,६८० डॉलर, तेही कर कापायच्या आधी. या कामाला दोन वर्षांचं कॉलेज लागतं, नाहीतर एक परीक्षा पास व्हावं लागतं. शेजारच्या वर्गातली बाई परीक्षा देऊन आली. तिला माझ्याइतकाच पगार आहे आणि डोक्यावर कर्ज नाही. एप्रिलपासून इथल्या मोठ्या बर्गरवाल्यांकडेही तासाला किमान २० मिळतात. हे मला फार लागतं.

तरी ती दोन वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. मंगळवारी एका मुलाचा फॉर्म तिसऱ्यांदा सहीशिवाय आला. सगळे आईला निष्काळजी म्हणत होते. मी तिला सकाळी साडेसातला फाटकाशी गाठलं. रात्रपाळी करून थेट मुलाला सोडायला आली होती, डोळे लाल. फॉर्म इंग्रजीत, तिला वाचता येत नव्हता. आम्ही गाडीच्या बॉनेटवर ठेवून तो एकेक ओळ भरला. असं आधी विचारायचं असतं, हे मी समाजशास्त्राच्या त्या वर्गांत शिकले.

नाताळच्या सुट्टीचा पगार नाही. जून-जुलैचाही नाही. त्या दोन हप्त्यांचे १७२ डॉलर आत्तापासूनच बाजूला काढायला हवेत. आज वीस काढले.