मेडिकलचं काउंटर, माझी ओसीडी आणि धारवाडच्या फेऱ्या

मी बेळगावात वडगावला एका मेडिकलमध्ये काउंटरवर असते, डी.फार्म केलंय. माझा आजार म्हणजे ओसीडी, एकच शंका डोक्यातनं जात नाही आणि ती घालवायला माणूस परत परत तपासत बसतो. माझा प्रॉब्लेम असा होता की मी कुणाला तरी चुकीची गोळी दिली आणि तो माणूस माझ्यामुळं गेला, असं मला रोज वाटायचं. आता कुणी म्हणेल बरंय की, मेडिकलवाल्यानं जरा घाबरूनच असावं, आणि तिथंच तर सगळी फसगत झाली, कारण सुरुवातीला हा आजार आहे असं कुणालाच वाटलं नाही, मालक उलट कौतुक करायचे की पोरगी लई काळजीनं काम करते.

म्हणजे कसं व्हायचं बघा. येळ्ळूरची एक आजी शुगरची गोळी घेऊन गेली, ग्लिमेपिराइड १ एमजी. रात्री जेवताना डोक्यात आलं, २ ची पट्टी गेली काय हातून? एकाच कंपनीच्या दोन्ही पट्ट्या दिसायला जवळजवळ सारख्या, आणि या गोळीनं शुगर एकदम उतरू शकते हे शिकलेलं, त्यामुळं म्हातारी झोपेतच जाणार असं चित्रच डोळ्यापुढं. सकाळी बिल बघितलं तर १ एमजी. पण बिल बरोबर मारलं आणि हातानं दुसरीच पट्टी उचलली नसेल कशावरून? मग स्टॉक मोजला, बरोबर निघाला. मोजताना चुकले नसेन कशावरून? पुढच्या महिन्यात आजी ठणठणीत येऊन उभी राहिली, पण तोवर मी दुसऱ्याच कुणाच्या मागे लागले होते. कानडी गिऱ्हाईक असलं की अजून एक फाटा फुटायचा, मी "ऊट आद मेल" म्हणाले की "ऊटक्क मुंचे", जेवल्यावर सांगितलं की जेवणाआधी, माझं कानडी तसं कामापुरतं बरं आहे पण रात्री अकरा वाजता ते पण आठवेना.

सकाळी पेपर आला की आधी निधन वार्ता वाचायची. कोपऱ्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला की गाडी थांबवून फोटो निरखून बघायचा, हा आपल्याकडं आलेला काय. बिलावरचे नंबर काढून लोकांना फोन पण करायचे, "काका गोळी बरोबर आहे ना जरा बघून सांगा", त्यात एक गिऱ्हाईक चांगलंच भडकलं. आणि आमच्या ह्यांना तर रात्रभर एकच, अहो मी बरोबरच दिली असणार ना? ते बिचारे होय होय म्हणायचे, मला दहा मिनिटं बरं वाटायचं, की परत सुरू.

सासूबाई सौंदत्तीला घेऊन गेल्या, यल्लम्माची ओटी भरून आलो, त्यांचा जीव तुटायचा म्हणून मी पण गेले. एका डॉक्टरनं टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं, हे म्हणजे काय औषध झालं देव जाणे. शेवटी ह्यांच्या मित्रानं धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल, सुचवलं. आता आमच्याकडं कुणी येड्यासारखं वागलं की "ह्याला धारवाडला न्या" म्हणायची पद्धत, त्यामुळं घरात दोन दिवस सन्नाटाच. सासूबाईंनी शेजारी सांगितलं की सून माहेरी गेलीय. बेळगावातनं बसनं कित्तूरवरून दोन तासात धारवाड, एवढंच ते.

तिथं दहा प्रश्नांची एक तपासणी केली, वाय-बॉक्स म्हणतात, एकूण ४० मार्कांची, माझे २७ आले, म्हणजे तीव्र. डॉक्टरनी फ्लुओक्सेटिन लिहिलं. हीच कॅप्सूल मी इतकी वर्षं लोकांना काढून देत होते! डिप्रेशनला बऱ्याचदा २० एमजीवर भागतं, ओसीडीला ४०-६० पर्यंत लागू शकते आणि नीट फरक कळायला आठ ते बारा आठवडे जातात, हे मला पुस्तकातनं माहीत होतं तरी दुसऱ्याच आठवड्यात मी गोळी लागू पडत नाही म्हणून रडले.

खरं काम थेरपीत झालं, ईआरपी म्हणतात. १९६६ साली लंडनला व्हिक्टर मेयर नावाच्या माणसानं पहिल्यांदा हे करून बघितलं असं तिथल्या थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, म्हणजे भीतीला मुद्दाम सामोरं जायचं आणि भीती घालवायला आपण जे करतो ते करायचं नाही. मला वाटलेलं त्या समजावतील की बाई तू काही केलेलं नाहीस. त्यांनी ते एकदापण म्हटलं नाही! मी विचारलं तर म्हणाल्या, मला कसं माहीत असणार, मी होते काय तिथं. लई राग आलेला.

मग यादी केली, कशाला किती भीती, शून्य ते शंभर. पेपरमधली निधन वार्ता न वाचणं चाळीस, बिल परत न बघणं साठ, असं वर वर. सगळ्यात वर होतं स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं की "मी चुकीची गोळी दिली असेल, कुणीतरी मेलं असेल, आणि मला ते कधीच कळणार नाही", आणि ते रोज ऐकत बसायचं. पहिल्यांदा ऐकताना हात गार पडले, छाती धडधडायला लागली. किती तरी दिवसांनी ऐकता ऐकता जांभई आली तेव्हा मीच चमकले.

पण ह्याहून अवघड एक होतं ते कुणी सांगत नाही. फोन बंद केले, पेपर बंद केला, तरी मी मनात सगळी दुपार रिवाइंड करून बघायचे, आजी आली, मी वळले, डाव्या हातानं ड्रॉवर उघडला... मला वाटायचं हा नुसता विचार आहे, मॅडम म्हणाल्या हे पण चेकिंगच, फक्त कुणाला दिसत नाही. हे थांबवायचं कसं? जबरदस्तीनं नाही थांबत. आठवायला सुरुवात झाली की "असेल, नसेल" एवढंच म्हणायचं आणि भाजी चिरत राहायची, पोटात गोळा आलेला असला तरी.

कामावरचा नियम वेगळा ठरवला, कारण मेडिकलमध्ये चेक न करून चालत नाही. नाव, एमजी, एक्सपायरी एकदा चिठ्ठीशी लावून बघायचं, शेजारचा फार्मासिस्ट बघतो तेवढंच, आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की विषय संपला.

ह्यांना पण होमवर्क मिळालेला, मी विचारलं तर होय पण नाही आणि नाही पण नाही. पहिल्या रात्री मी भांडलेच. तर हे म्हणतात, "अगं सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय, निकाल नाही म्हणून बेळगावची माणसं जेवायची थांबलीत काय? तुझा पण असू दे की पेंडिंग." मी रडत रडत हसले. आता विचारायला तोंड उघडलं की नुसतं "पेंडिंग" म्हणतात.

वाय-बॉक्सचे मार्क आता सत्तावीसवरून अकरावर आलेत. मागं दुकानातले रॅक बदलले तेव्हा परत जोरात उचल खाल्लेली, रात्री नंबर काढून फोन हातात घेतलेला पण लावला नाही. गोळी चालू आहे, बरं वाटलं म्हणून स्वतःच बंद करू नका असं डॉक्टरनी बजावलंय, निदान एक-दोन वर्षं तरी घ्यायची. कुणाला धारवाड-बेंगळूरला लगेच जायला जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत पण बोलता येतं आणि कानडीत पण. आणि घरात असं कुणी विचारत सुटलं तर लगेच "काही झालेलं नाही" म्हणू नका, मला माहिताय तोंडावर येतं, पण थेरपिस्टला विचारून मगच काय बोलायचं ते ठरवा, एकदम तोडून टाकलं तर माणूस अजून बिथरतंय.