खर्सू ओळखायचा तर पान उलटा

वास्कोची गोवा एक्स्प्रेस कुळे सोडून घाट चढू लागली की दोन्ही बाजूंना आपलं निमसदाहरित रान लागतं. उन्हाळ्यात माट्टी (म्हणजे ऐन) पानं गाळून बसलेली, शेजारचा जांभूळ मात्र गर्द हिरवा. म्हणजे हे निमेपण रानाचं. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात गढवालात चोपत्याला पोचलो, तिथे तेच एकेका झाडात दिसलं. झाड खर्सू, हिमालयातला उंचावरचा ओक. गोव्यात ओक नाहीच. सत्तरीतला आपला सर्वांत उंच डोंगर बाराशे मीटरांच्या आत, आणि खर्सूचं खरं रान त्याच्या दुपटीवर.

चोपता सुमारे २,७०० मीटरवर, तुंगनाथाचं देऊळ ३,६८० वर. मधल्या साडेतीन-चार किलोमीटरच्या चढाचा खालचा टप्पा खर्सूचा. पायाखाली तपकिरी पानांचा खच, माथ्यावर कोवळी पालवी. जुनं पान वर्षभर टिकतं आणि नवं फुटायला लागलं की गळतं. त्यामुळे झाड उघडं पडलंच तर थोडेच दिवस. पुस्तकांत सदाहरित आणि निमसदाहरित असं दोन्ही लिहिलेलं सापडतं, ते यामुळेच.

गढवालातले तीन ओक पानाच्या पाठीवरून कळतात. पांढुरकी पाठ बांजची, गुळगुळीत हिरवी मोरूची, तपकिरी लव असलेली खर्सूची. जुन्या पानाची लव कधी झडलेली असते, म्हणून चार-पाच पानं तरी उलटून पाहा. हमखास चूक होते ती काट्यांमुळे. रोपाच्या आणि खालच्या फांद्यांच्या पानांना कडेने टोचरे दाते असतात, शेंड्याकडची पानं सपाट कडेची. झाड एकच, पण खालची फांदी पाहून लोक दुसरंच नाव देतात.

नर फुलांचे तुरे मे-जूनमध्ये लोंबतात. बी पिकते पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टात, भर पावसात पडते. काहींना तर झाडावरच मोड येतात. वाळली की मेली. काजूबीसारखी डब्यात ठेवून पुढच्या पावसात पेरू म्हणाल, तर फुकट. शिवाय हा पट्टा अभयारण्याचा, खिशात घालूच नका.

वाटेकडेचे कित्येक खर्सू नुसते खांब, शेंड्याला झुपका. वैरण-सरपणासाठी फांद्या छाटल्या की बी कमी धरते, आणि रुजलेलं गुरं खातात. जाड बुंधे पुष्कळ होते; कमरेएवढं रोप मात्र शोधावं लागलं.