तारीख पे तारीख, पण आज उलटतपासणी

मामीच्या वारस दाखल्यासाठी आज तालुका कोर्टात गेले होते. आमचा पुकारा काही होईना, म्हणून शेजारच्या दालनात मागच्या बाकावर जाऊन बसले. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 363, अपहरण. मला वाटलं, खंडणी-बिंडणी असेल. आरोपी कोण, तर गावातलंच पोरगं, हात बांधून उभं. मुलगी तेव्हा सतरा वर्षांची. घरच्यांनी लग्न ठरवलं म्हणून चिडून निघाली, यानं मोटरसायकलवरून एसटी स्टँडवर सोडलं. एवढंच.

आज ती पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली, "मी माझी गेले." फिर्यादी आईसुद्धा फिरली. सरकारी वकिलांनी तिला फितूर ठरवून उलटतपास घेतला, पण बाई ढिम्म! गुन्हा आपसात मिटवता येणारा नाही, त्यामुळे दोघींनी माफ केलं तरी खटला चालणारच. शिक्षा सात वर्षांपर्यंत. बचावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 1964 चा वरदराजन निकाल काढला: मुलगी आपणहून गेली, आरोपीनं फूस लावली नाही, तर ते पालकांच्या ताब्यातून 'नेणं' होत नाही, म्हणजे अपहरणही नाही.

साहेबांनी युक्तिवादाला पुढची तारीख दिली. पोरगं बाहेर येऊन चहा प्यायलं, पैसे मुलीच्या आईनं दिले.

आमचा दाखला? पुढच्या महिन्यात.