शॅम्पेन कशाला म्हणावे

गेल्या डिसेंबरात घरातल्या एका साखरपुड्याला आत्याने माझ्या हातातली बाटली पाहून विचारले, "ही आपल्या नाशिकची शॅम्पेन का रे?" बाटली नाशिक जिल्ह्यातलीच होती आणि बूच उडाल्यावर फेसही भरपूर आला, पण ती शॅम्पेन नव्हती आणि लेबलावर तसा दावाही नव्हता. त्या गडबडीत मी "नाही, ही स्पार्कलिंग वाईन आहे" एवढेच म्हणालो. आत्याचे त्याने समाधान झाले नाही, आणि व्हायला नकोच होते, कारण मी फक्त नाव बदलून सांगितले होते, फरक सांगितलाच नव्हता.

शॅम्पेन हे मुळात एका प्रदेशाचे नाव आहे. पॅरिसच्या पूर्वेला सुमारे १५० किलोमीटरांवर, रॅंस आणि एपर्ने या शहरांच्या आसपास हा प्रदेश पसरलेला आहे आणि तिथे सुमारे ३४,००० हेक्टरांवर द्राक्षमळे आहेत. द्राक्षे जेमतेम पिकतील एवढीच ऊब तिथे मिळते, त्यामुळे त्यांच्यातला आंबटपणा टिकून राहतो, आणि हा आंबटपणाच या वाईनचा कणा आहे. जमिनीखाली खडूच्या दगडाचे जाड थर आहेत. हा दगड पावसाचे पाणी शोषून धरतो आणि कोरड्या दिवसांत वेलींना पुरवतो, शिवाय त्यात खोदलेली तळघरे बारा महिने दहा-बारा अंशांवर थंड राहतात. मळ्यांत प्रामुख्याने पिनो न्वार, म्यूनिए आणि शार्दोने या जाती लावतात. द्राक्षे हातानेच खुडावी लागतात, आणि ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरांपेक्षा जास्त रस घेता येत नाही.

काही वर्षांपूर्वी एपर्नेच्या एका तळघरात जाण्याचा योग आला. पहिल्या किण्वनानंतर, म्हणजे यीस्टने रसातल्या साखरेचे मद्य केल्यानंतर, तयार होते ती अतिशय आंबट, बुडबुडे नसलेली वाईन. निरनिराळ्या गावांच्या आणि बऱ्याचदा निरनिराळ्या वर्षांच्या अशा वाइन एकत्र करून त्यात लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात आणि बाटली बंद करतात. आत पुन्हा किण्वन सुरू होते, तयार झालेल्या वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाईनमध्येच विरघळतो आणि बाटलीतला दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सहा पटींपर्यंत चढतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ तिप्पट. काम संपवून मेलेले यीस्ट तळाशी साका होऊन बसते. या साक्याच्या सहवासातच वाईनला भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावासारखा वास येऊ लागतो. साधी शॅम्पेन बाटलीत किमान १५ महिने आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांची शॅम्पेन किमान तीन वर्षे मुरवावी लागते.

तिथल्या कामगाराने एक बाटली दिव्यासमोर धरली, तेव्हा काचेच्या आतून खाली घसरणारा राखाडी साका मला स्पष्ट दिसला. लाकडी फळ्यांच्या भोकांत तिरप्या खोचलेल्या बाटल्या रोज थोड्या थोड्या फिरवत आणि तोंड खाली करत नेल्या, की हा साका बुचापाशी जमतो. आता बहुतेक ठिकाणी हे काम यंत्रे करतात. मग बाटलीचे फक्त तोंड गोठवतात आणि झाकण उघडतात. आतल्या दाबाने बर्फाचा खडा साक्यासकट बाहेर उडतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत थोडी वाईन व चवीपुरती साखर भरून कायमचे बूच बसवतात.

पण एवढ्यावरून बाटलीतले दुसरे किण्वन हीच शॅम्पेनची खूण मानली, तर ते चुकेल. स्पेनची कावा आणि इटलीची फ्रान्चाकोर्ता याच पद्धतीने बनतात, आणि फ्रान्चाकोर्ता तर साक्यावर किमान १८ महिने ठेवावी लागते. खुद्द फ्रान्समध्ये इतर प्रदेशांतल्या अशा वाइनना क्रेमाँ म्हणतात. इटलीच्याच प्रोसेक्को या फेसाळ वाईनचे दुसरे किण्वन सहसा पोलादी टाकीत होते आणि काही आठवड्यांत आटोपते. तिच्या द्राक्षांचा ताजा, फुलांसारखा सुगंध जपायला तेच योग्य आहे, त्यामुळे तिला गरिबांची शॅम्पेन म्हणणे मला पटत नाही. बुडबुड्यांचा शोध दोम पेरिन्यों या भिक्षूने लावला ही कथाही खरी नाही, कारण त्याच्या काळी बुडबुडे हा वाईनचा दोष समजला जाई आणि ते टाळण्याचीच खटपट चाले. साखर घालून वाईन फेसाळ करण्याची नोंद लंडनमध्ये ख्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्याने १६६२ सालीच केली होती.

तेव्हा पद्धत कुणालाही शिकता येते. शॅम्पेनवाल्यांनी आपल्याकडे राखले ते नाव, आणि ते त्यांना सुखासुखी मिळालेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी काही व्यापारी बाहेरच्या प्रदेशांतून स्वस्त द्राक्षे आणि वाईन आणून तिची शॅम्पेन करत. इकडे फायलॉक्सेरा किडीने वेली पोखरल्या होत्या, १९१० चे पीक जवळपास बुडाले होते, आणि स्थानिक बागायतदार कर्जात रुतले होते. जानेवारी १९११ मध्ये त्यांनी बाहेरून आलेली वाईन अडवून मार्न नदीत ओतली, आणि एप्रिलमध्ये आयी गावातल्या व्यापाऱ्यांच्या इमारती पेटल्या. १९२७ च्या कायद्याने सीमा पक्क्या झाल्या. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की नावासाठी रस्त्यावर उतरले ते द्राक्षे पिकवणारे. कर्नाटकातला आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला जाताना पाहणाऱ्या कोकणी बागायतदाराला हा संताप समजावून सांगावा लागत नाही. कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१८ मध्ये.

या नावाच्या रक्षणात कधी कधी अतिरेकही झाला आहे. स्वित्झर्लंडमध्ये शॅम्पेन याच नावाचे एक जुने गाव आहे आणि तिथे बुडबुडे नसलेली साधी वाईन होते, तरी २००४ पासून त्या गावाला आपल्या वाईनवर स्वतःचे नाव लावता येईनासे झाले. हे मला अन्यायाचे वाटते. उलट अमेरिकेत युरोपीय संघाशी झालेल्या २००६ च्या करारानंतरही जुन्या ब्रँडना 'कॅलिफोर्निया शॅम्पेन' असे लिहिण्याची मुभा उरली.

नाशिकपुरते सांगायचे, तर २०१३ मध्ये दिंडोरीच्या द्राक्षांपासून शाँदों ही स्पार्कलिंग वाईन बाजारात आली. तिच्यामागे एपर्नेच्या मोएत ए शाँदों या शॅम्पेन घराण्याचाच उद्योगसमूह होता आणि पद्धतही बाटलीतल्या किण्वनाचीच होती, तरीही तिच्यावर शॅम्पेन हा शब्द नव्हता. घराणे तेच असले, तरी दिंडोरीची जमीन शॅम्पेनची नाही.

एपर्नेहून आणलेले एक बूच माझ्या टेबलाच्या खणात आहे. वाईनमध्ये बुडालेला त्याचा भाग अजून फुगीर आहे आणि त्यावर 'शॅम्पेन' हा शब्द छापलेला आहे, कारण खऱ्या शॅम्पेनच्या बुचावर तो असावाच लागतो. पुढच्या खेपेला आत्याकडे जाईन तेव्हा ते सोबत नेणार आहे.