मागच्या सीटखालचा वास

एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी तासगावहून एका शिक्षिकेचा फोन आला. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण गाडी चालू होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. सासऱ्यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार आहे, हे सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. गाडी अरुंद बोळाच्या टोकाला, घराच्या अंगणात उभी होती. ती ओढून सांगलीला माझ्या गॅरेजात आणण्यातच दिवस गेला असता. पेट्रोलची टाकी उघडावी लागेल असे वाटत होते, आणि ते काम मी शक्यतो कोणाच्या घरी करत नाही. त्या दिवशी मात्र हत्यारे, पत्र्याचे दोन कॅन आणि आग विझवण्याचा सिलिंडर घेऊन मी आणि माझा सहकारी निघालो.

पेट्रोलच्या गाडीची चावी ऑन केली की मागच्या बाजूने दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती टाकीत बुडालेल्या, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या फ्युएल पंपाची असते; आम्ही त्याला टाकीतली मोटर म्हणतो. इथे काहीच ऐकू येईना. फ्यूज शाबूत होता, पंपाला वीज सोडणारा स्विच, म्हणजे रिले, बदलून पाहिला तरी फरक पडला नाही. मग मागची सीट उचलली; टाकी तिच्याखालीच होती. पंपाच्या वायरी जिथे जोडतात त्या कपलरवर वीज मोजायचा मल्टीमीटर लावला. चावी फिरवताच १२ व्होल्ट दिसले, अर्थिंगही पक्के निघाले. पंपापर्यंत वीज पोहोचत होती आणि पंप फिरत नव्हता, म्हणजे दोष त्याचाच होता.

सीट उचलल्याबरोबर नाकात शिरलेला वास मात्र मला अस्वस्थ करत होता. बंद टाकीवर इतका वास यायला नको. टाकीवरच्या, पंपाच्या झाकणाच्या कडेने धूळ ओली होऊन तिचे काळे कडे धरले होते. पंप पूर्वी बदलला होता का, असे मी विचारले, तेव्हा मागच्या दिवाळीत एका गॅरेजात बदलल्याचे कळले. तेवढ्यात ओसरीवर बसलेले सासरे म्हणाले, "मिस्त्री, मी दिवाळीपासून सांगतोय, मागं बसलं की पेट्रोलचा वास येतो. मळमळतं. कोण ऐकतंय?" बाई खाली मान घालून म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, आण्णांना डायलिसिसमुळंच मळमळतंय."

सहकाऱ्याला नवा पंप, झाकणाखालची नवी रबरी रिंग आणि पेट्रोल गाळणारी जाळी आणायला सांगलीला पाठवून मी तयारीला लागलो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी तयार होते. एप्रिलच्या उन्हात तर विचारायलाच नको. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, गाडीचे चारही दरवाजे सताड उघडले, स्वयंपाकघरातला गॅस बंद करायला लावला आणि सगळ्यांचे मोबाईल आत ठेवायला सांगितले. टाकी पाऊण भरलेली होती, तेव्हा हातपंपाने सुमारे १५ लिटर पेट्रोल थेट जमिनीवर ठेवलेल्या कॅनमध्ये काढून घेतले. सहकारी परत येईपर्यंत साडेचार वाजले होते. तुळशीपुढे दिवा लावायची वेळ होईपर्यंत काम आटोपले नाही तर मी सांगेपर्यंत काडी ओढायची नाही, हे मी घरातल्या आजींना हात जोडून सांगितले. त्यांनी काडेपेटीच माझ्या हवाली केली.

लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी उडू नये म्हणून झाकण आवळून धरणारी लॉक रिंग पितळी छिन्नीने, हलक्या ठोक्यांनी सोडवली. झाकण वर आले आणि त्याखालची रबरी रिंग दिसली. ती फुगून लांबली होती, एका ठिकाणी खाचेत न बसता दुमडून चेपली गेली होती आणि तिथेच बोटभर भेग होती. ती पंपाच्या मानाने फारच जुनी होती. दिवाळीत पंप नवा घातला, पण रिंग तीच ठेवली, याबद्दल मला शंका उरली नाही. टाकीत पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या गेजच्या दांडीला धक्का न लावता पंप तिरका करून बाहेर काढला. त्याची जाळी काळ्या चिकट गाळाने भरली होती आणि टाकीच्या तळाशी गंजाची बारीक पूड होती. म्हणजे तेव्हा टाकीही साफ झाली नव्हती. चोंदलेल्या जाळीतून पेट्रोल ओढता ओढता मोटर जळाली, असे माझे मत झाले. नुसता पंप बदलून मी घरी गेलो असतो, तर हाच फोन मला पुन्हा आला असता.

उरलेले पेट्रोल काढून टाकीचा तळ धागे न सुटणाऱ्या कापडाने तीनदा पुसला. नवी रिंग खाचेत बोटाने चहूबाजूंनी दाबून बसवली आणि पंप बसवून लॉक रिंग आवळली. कॅनमधले पेट्रोल फडक्यातून गाळून परत भरले. सगळे कॅन आणि फडकी अंगणाबाहेर नेली, हवा मोकळी होऊ दिली, मगच बॅटरी जोडली. चावी ऑन केली आणि ती गुणगुण आली. पेट्रोलच्या लाईनवर लावलेल्या, दाब मोजणाऱ्या गेजचा काटा ३ बारवर जाऊन थांबला. दुसऱ्याच सेल्फला इंजिन चालू झाले. झाकणाभोवती कोरडा कागद फिरवून पाहिला, अर्ध्या तासाने पुन्हा फिरवला. कागद कोरडाच राहिला.

सीट बसवून झाल्यावर आण्णा काठी टेकत आले आणि मागे बसले. त्यांनी चारही काचा वर करायला सांगितल्या. बराच वेळ ते डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी काच खाली केली आणि सुनेला म्हणाले, "उद्या सातला निघू." मी खिशातली काडेपेटी काढून आजींच्या हातात दिली.