जादा पाटा

गेल्या पावसाळ्याआधी म्हापशाच्या एका काकांच्या मोटरहोमला, म्हणजे घरासारख्या गाडीला, मागच्या कमानीत (लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा चढवला, तो मीच. ‘वळणावर गाडी फार डोलते,’ एवढंच त्यांनी सांगितलं होतं. गोव्यात साखळी गावी आमचं गॅरेज खाणींचा माल वाहणाऱ्या टिपरांवर चालायचं. 2012 ला खाणी थांबल्या, 2018 ला पुन्हा थांबल्या, तेव्हापासून येईल ती गाडी घेतो. पण हाताला वळण टिपरांचंच. भाराने गाडी खाली बसली की पाटा घाला.

परवा काका परत आले. बरोबर काकी आणि काकींची ऐंशी उलटलेली आई. डोलणं होतं तसंच, वर हादरे इतके वाढलेले की चोर्ला घाटात आई मागच्या बिछान्यावरून उतरून खाली फरशीवर बसल्या. "मेस्त, पाटे घातले आणि जास्तच वाईट झालं," काकी म्हणाल्या. चिडून नव्हे, म्हणून मला जास्त लागलं.

पहिल्या दिवशी करायचं ते मग केलं. पाणी, सिलिंडर, भांडीकुंडी, सगळं प्रवासाला असतं तसं भरून गाडी वजनकाट्यावर नेली. आधी पुढचा धुरा, मग मागचा, मग फक्त उजवी चाकं, मग फक्त डावी. उजवीकडे 210 किलो जास्त! 150 लिटरची पाण्याची टाकी, म्हणजे भरली की 150 किलो, दोन बॅटऱ्या, फ्रिज, सगळं एकाच अंगाला. वर टाकी अर्धी झाली की पाणी प्रत्येक वळणावर बाहेरच्या बाजूला धावतं. या गाड्या बांधणारे प्लाय आणि लॅमिनेट असं बसवतात की बघत राहावं, पण ही तयार गाडी एकदाही काट्यावर चढवली नसावी. गाडीला भार जास्त नव्हता, तो एकीकडे होता. त्याला पाटा काय करणार?

कमान सोडवली तर पाट्यांच्या मधून लाल भुगा पडला. खाऱ्या हवेत गाडी चार महिने उभी, पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले. पाटे एकमेकांवर सरकले तर कमान लवचीक. इथे सगळी चवड एक ठोकळा होऊन धक्का थेट वर पाठवत होती.

जादा पाटे काढले. बाकीचे घासून, मध्ये प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालून बांधले. कमान धुऱ्याला बांधणारे यू-बोल्ट नवे, जुने मी परत वापरत नाही. शॉकअप तेल गाळत होते, ते बदलले. स्टॅबिलायझर बारचे बुश (रबरी अस्तरं) बदलले, कारण वळणावरचं डोलणं तो बार धरतो आणि दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर कमान कडक करत नाही. टाकीत पाणी अडवणारे पडदे बसवून ती मागच्या धुऱ्याच्या पुढे, मधोमध आणली. हवा सगळ्या चाकांत एकसारखी ठासली होती, ती धुऱ्यागणिक भारावरून, टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे भरली.

कमानीच्या टोकाच्या भोकातले (डोळ्यातले) रबरी बुश मात्र गाडी जॅकवर असताना कधी आवळू नयेत. चाकं जमिनीवर, भार कमानीवर, तेव्हाच शेवटचा पाना. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि पुढे गाडी कायम ताणात चालते. माझ्या पोरांनाही हे तीनदा सांगावं लागतं.

चाचणीला केरीवरून चोर्ला चढलो. अंजुणे धरण दिसतं त्या वळणांवर काकींनी टेबलावर पाण्याचा पेला ठेवला होता. थोडं सांडलं, पण पेला जागचा हलला नाही. आई मागे पडून होत्या. उतरल्यावर म्हणाल्या, "पाठीला बरं वाटलं, पण खड्ड्यात अजून उडते."

ते मला सुटलेलं नाही. बिछाना धुऱ्याच्या बराच मागे आहे, चाक उचललं की तिथे झोका आणखी मोठा बसतो. कमानीने ते जात नाही. आईंना पुढच्या सीटवर, पट्टा लावून बसवा, असं काकांना सांगितलं. त्यांना फार वेळ बसवत नाही, असं ते म्हणाले. यू-बोल्ट पुन्हा आवळायला 500 किलोमीटरनंतर बोलावलंय. तोवर बिछाना पुढे आणता येतो का, याची मापं कागदावर काढतोय.