वजनाच्या ऑपरेशनबद्दल सारखं विचारताय म्हणून एकदाच लिहितो

ओळखीत कोणाची शुगर वाढली, कोणाचे गुडघे कुरकुरायला लागले की मला मेसेज येतो, तू ते वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन केलंस ना, सांग ना जरा कसं असतं. फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून सगळं इथे टाकतोय. मी डॉक्टर नाहीये. माझ्यावर जे झालं ते, आणि त्याआधी वाचून वाचून जे डोकं पिकवून घेतलं होतं ते, एवढंच.

आधी ते "शॉर्टकट मारलास" प्रकरण संपवून टाकू. असं म्हणणाऱ्याने स्वतःचं वजन एकदा दणकून उतरवून ते परत चढताना कधी बघितलेलं नसतं. मी बघितलंय, आणि एकदाच नाही. डाएट केलं की उतरायचं, लोक कौतुक करायचे, आणि मग अशी काही भूक लागायची की जेवून हात धुतानाच पुढचं काय खायचं ते डोक्यात सुरू. मला वाटायचं मीच हावरट. नंतर कळलं की वजन उतरलं की घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन वाढतं, पोट भरलं असं सांगणारी हार्मोन्स कमी होतात, शरीर कॅलरीपण कमी जाळायला लागतं, आणि वर्षभराने तपासलं तरी भुकेचा हा गोंधळ बराचसा तसाच सापडतो. म्हणजे आतून शरीर ओरडतंय दुष्काळ पडला, दुष्काळ पडला, आणि बाहेरून मंडळी सांगतायत तोंडावर जरा ताबा ठेव रे.

मला टाइप 2 डायबेटिस होता, झोपेत श्वास अडकायचा म्हणून तोंडावर सीपॅपचा, म्हणजे दाबाने हवा आत सोडणाऱ्या मशीनचा, मास्क लावून झोपायचो, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 40 च्या वर. डॉक्टरांनी पहिल्यांदा ऑपरेशनचं नाव काढलं तेव्हा मला चक्क राग आला. म्हणजे इतकी वेळ आली का माझ्यावर? बायको म्हणाली राग नंतर कर, आधी माहिती तर काढ. आईचं एकच पालुपद, चांगलं धडधाकट पोट कापायचं कशाला. तिला कसं सांगणार की पोट धडधाकट आहे हाच तर प्रॉब्लेम आहे!

तर माहिती काढली. ऑपरेशन कोणाला करावं याचे नियम बरीच वर्षं 1991 सालचे चालत होते, बीएमआय 40 किंवा मग 35 आणि सोबत एखादा मोठा आजार. 2022 मध्ये या सर्जन लोकांच्या अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते बदलले, आता 35 च्या वर असाल तर दुसरा आजार असो नसो सल्ला देतात, डायबेटिससारखं काही असेल तर 30 पासून विचार करतात, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी तर 27.5 पासून, कारण आपल्याकडे कमी वजनातच शुगर गाठते. वजन उतरवायच्या इंजेक्शनांचाही विचार केला. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाने सव्वा वर्षात सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं, चांगलंच आहे, पण बंद केलं की पुढच्या वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत येतं असं त्याच औषधाच्या पुढच्या अभ्यासात निघालं. बायपासने (हृदयाचा नाही, पोटाचा, माझं झालं ते ऑपरेशन) 25 ते 30 टक्के उतरतं आणि बरंचसं टिकतं. ज्याला इंजेक्शनने भागतंय त्याने खुशाल तेच करावं. माझं गणित वेगळं होतं.

खरं सांगायचं तर मला भीती होती टेबलावरच जायची. मग आकडे बघितले, चांगल्या सेंटरमध्ये हा धोका हजारात एकाच्या जवळपास धरतात, पित्ताशय काढायच्या ऑपरेशनएवढाच. आणि स्वीडनमध्ये 1987 पासून ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या जाड माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलाय, त्यात 2007 साली छापलेल्या निकालात ऑपरेशनवाल्यांमध्ये मृत्यू कमी दिसले. हे वाचल्यावर मात्र मी काहीच न करण्याचा धोका मोजायला लागलो, तो तोपर्यंत कधी हिशोबातच धरला नव्हता.

स्लीव्ह की बायपास, या ऑपरेशनच्या दोन प्रकारांतला कोणता, हे माझ्यासाठी ॲसिडिटीने ठरवलं. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण ते 80 टक्के भाग कापून काढूनच टाकतात, उरते एक लांबट नळी. ऑपरेशन सुटसुटीत, पण छातीतली जळजळ आधीच असेल तर ती वाढू शकते, आणि मी तर वर्षानुवर्षं उशाला गोळ्या घेऊन झोपणारा. बायपासमध्ये वर साधारण 30 मिली मावेल एवढी छोटी पिशवी करतात, ती खाली लहान आतड्याला जोडतात, बाकीचं जठर आत तसंच राहतं, फक्त अन्न तिकडे जात नाही. शुगरलाही बायपास जास्त मानवतो. तोटा असा की सिगरेट कायमची बंद, आणि आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलर आयुष्यभर वर्ज्य, कारण जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. डोकं दुखलं की पॅरासिटॅमॉल, बस.

ऑपरेशनआधी दोन आठवडे जवळजवळ पातळावरच ठेवतात. ते वजनासाठी असतं असं मला वाटत होतं, पण मुख्य कारण लिव्हर. जाड माणसाचं लिव्हर चरबीने फुगलेलं असतं आणि ते बरोबर जठराच्या वर पसरून बसतं, दुर्बिणीने काम करणाऱ्या सर्जनला ते उचलून बाजूला धरावं लागतं. डाएटने ते आकसतं. हे दोन आठवडे मला ऑपरेशनपेक्षा जड गेले, कारण भूक तेव्हा पूर्ण ताकदीनिशी हजर होती. मानसोपचारतज्ज्ञाकडे पण पाठवतात. मला वाटलं फॉर्मॅलिटी असेल, पण त्या बाईंनी विचारलं, तुम्ही चिडलात की काय करता? मी म्हटलं खातो. मग आता काय करणार? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटापेक्षा खांदा दुखत होता. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड उरतो थोडा, तो छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. त्याला औषध म्हणजे चालणं. त्याच दिवशी संध्याकाळी नर्सने उठवून चालवलं, मी कुरकुर केली तर म्हणाल्या पायात गुठळी झाली तर कुरकुर करायला पण राहणार नाही. त्या गुठळीसाठीच इंजेक्शनंही चालू असतात.

आणि पाणी. कोणी मला सांगितलं नव्हतं की पाणी हे एवढं मोठं काम असतं. औषधाच्या बाटलीवर असतो ना तो 30 मिलीचा छोटा प्लास्टिकचा कप, तो भरून द्यायचे आणि तो संपवायला पाव तास लावायचा. एक घोट, थांबा, छातीच्या मधोमध ते उतरताना जाणवतं, मग पुढचा. घाई केली की तिथेच अडकल्यासारखं होऊन तोंडाला पाणी सुटतं, फेसासारखं, आणि मग ते सगळं वर. दिवसाला दीड लिटर पोटात गेलं पाहिजे म्हणतात, आता तुम्हीच हिशोब करा. घरी आल्यावर बायकोने फोनवर टायमर लावून दिला होता, तो वाजला की घरातले सगळे एका सुरात "घोट!" म्हणायचे. पुढे पातळ, मग दाटसर, मग गाळासारखं वाटलेलं, मग मऊ, असं करत महिना दीड महिन्याने नेहमीचं अन्न. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. आधी प्रोटीन, दिवसाला 60 ते 80 ग्रॅम, पोटात जागा उरली तर बाकीचं.

शुगरचं मात्र मला अजून नवल वाटतं. वजन धड उतरलंही नव्हतं आणि हॉस्पिटलमधून सोडतानाच डायबेटिसच्या गोळ्या कमी केल्या. आतड्यात अन्न वेगळ्या वाटेने आणि लवकर पोचतं म्हणून जीएलपी-1 सारखी आतड्यातली हार्मोन्स भरपूर सुटतात, त्याने इन्सुलिन सुधारतं आणि भूकही मरते. म्हणजे ती महागडी इंजेक्शनं ज्याची नक्कल करतात तेच.

आणि भूक खरंच मेली हो. घरात कोणीतरी काहीतरी तळत होतं, वास येत होता, आणि माझ्या डोक्यात काहीच नाही. सपाट. मी पलंगावर बसून त्या शांततेचा विचार करत राहिलो. म्हणजे सडपातळ माणसं रोज अशी जगतात? समोर ताट असताना गप्पा मारू शकतात कारण त्यांना ताट हाकच मारत नाही? आणि हीच माणसं मला इच्छाशक्तीवर लेक्चर देत होती इतकी वर्षं! मला आनंद व्हायला हवा होता, आधी संतापच आला. तो अजून पुरता गेला नाहीये.

उलट बाजूही आहे. जेवण गेलं की संध्याकाळी करायचं काय हा प्रश्न उरतो. चिडलो की हात आपोआप फ्रीजकडे जायचा आणि आत जागाच नाही. काही जण हे रिकामपण दारूने भरतात, आणि बायपासनंतर दारू पटकन आणि जास्त चढते, व्यसन लागायचा धोका खरा आहे. मी तो दरवाजा उघडलाच नाही. त्या मानसोपचारवाल्या बाईंकडे परत जायला लागलो, त्यांनी जुना कागद काढून तोच प्रश्न परत विचारला.

बारीकसारीक गमती कोणी सांगत नाही. तिसऱ्या आठवड्यात काटा हलायचा बंद होतो, घाबरू नका, जवळजवळ सगळ्यांचं होतं, सुरुवातीला ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, आणि त्याला धरून असलेलं पाणी गेलेलं असतं, शरीर ते परत सावरतं. तीन चार महिन्यांनी केस गळतात, मोरीत पुंजके, बहुतेकांचे परत येतात. थंडी वाजते, सगळे पंख्याखाली आणि मी स्वेटरात. लाकडी खुर्चीवर बसलो की ढुंगणाची हाडं टोचायला लागली, इतकी वर्षं ती आत आहेत हेच माहीत नव्हतं. चेहरा उतरला तसा सीपॅपचा मास्क सैल होऊन रात्रभर फुसफुसायचा, बायको म्हणे यापेक्षा तुझं घोरणं बरं होतं. शेवटी झोपेची तपासणी परत करून मशीन सुटलं. एका वाढदिवसाला हट्टाने केकचा मोठा तुकडा खाल्ला तर पाव तासात छातीत धडधड, दरदरून घाम, आडवाच झालो, याला डंपिंग म्हणतात. गोड सरळ आतड्यात आदळतं.

सतत उलट्या होत असतील तर घरी सहन करत बसू नका, थायमिन (बी1 जीवनसत्त्व) कमी होऊन मेंदूवर परिणाम होऊ शकतो. ताप, नाडी धावणं, वाढत जाणारी पोटदुखी, हे जोडातून गळतीचं लक्षण असू शकतं, रात्री दोन वाजता असलं तरी फोन करायचा. म्हणून ऑपरेशन ठरवताना सर्जनला त्यांनी किती ऑपरेशनं केलीत हे तर विचाराच, पण रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार आणि तीन वर्षांनी माझे रिपोर्ट कोण बघणार हेही विचारा. फोन आणि रिपोर्टच्या प्रश्नांवर जे गोंधळतात तिथे मी तरी गेलो नसतो. बायकांनी अजून एक विचारायचं, निदान वर्ष ते दीड वर्ष गरोदरपण टाळायला सांगतात, आणि बायपासनंतर तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा धरता येत नाही.

माझं थोडं वजन परत आलंय, तळाला गेलं होतं तिथून थोडं वर. होतं तसं. बी12, लोह, कॅल्शियम सायट्रेट, डी हे जन्मभर, आणि लोह नि कॅल्शियम एकत्र नाही घ्यायचं, कॅल्शियम लोहाला नीट शोषू देत नाही, म्हणून माझ्या डब्यात सकाळ आणि रात्र असे वेगळे कप्पे आहेत. दरवर्षी रक्त तपासायचं. यंदाचं राहिलंय, पुढच्या आठवड्यात जाणार आहे. अजून काही विचारायचं असेल तर खाली लिहा, पण किती किलो उतरलं ते विचारू नका, तेवढं नाही सांगणार.